जिनवाल्याच्या कोठीतला ढावलो

राळेगाव
१७ नोव्हेंबर २०२५

भिया,

नमस्कार, खुशाली वगैरे काही लिहत नाही. मनात नाही तं कागदावर कायले आणू? फोनवर तुले मी ब्लॉक केलं, कारण फोनवर तू माह्यं पुरतं ऐकूनच घेत नाही. मधातच "बबिता, शांत हो, शांत हो" सुरू करतो. कागदाच्या मधात तुले बोलता येत नाही, म्हणून हे पत्र. बसून वाच.

शनिवारी मी यवतमाळच्या फेरीवर होती. कळंबच्या पुढं गाडी अर्धी खाली झाली, तं मी माह्या सीटवर टेकली. बाजूले एक कॉलेजची पोट्टी. मोबाइल माह्या नाकापुढं धरून म्हणते, "कंडक्टर मॅडम, पाहा ना, किती गोड आजी आहे!" पाहते तं काय, याडी! आपली माय, लालीबाई! मोठ्ठ्या झुंबराखाली उभी. आजूबाजूले लोकं काटेचमचे घेऊन जेवून राह्यले, एकाच्या हातात तं गिलास. अन् याडी डोळे मिटून, खिडकीचा गज धरून ढावलो म्हणून राह्यली. खाली लिहेल होतं : 'द कॉटन कोठी, यवतमाळ. आमच्या पाहुण्यांसाठी पारंपरिक स्वागतगीत.' अन् शेवटी टाळ्या. टाळ्या, भिया!

माह्या तळपायाची आग मस्तकात गेली. घंटी द्यायची सुध राह्यली नाही. एक म्हातारा उतरायचा होता, त्याचं गाव मागं गेलं, तो माह्यावर खेकसला. आमचे ड्रायव्हर सुनीलभाऊ आरशातून पाहून राह्यले होते, की आज मॅडमच्या अंगात काय आलं.

तू पुण्यात राहून विसरला असशील, म्हणून सांगते. ढावलो स्वागतगीत नाही. नवरी तांडा सोडून निघते तेव्हाचं रडणं आहे ते. एकेकाच्या गळ्यात पडून ती रडत रडत गाते, अन् याडी तिले गाऊनच उत्तर देते. लग्नाच्या आधी म्हाताऱ्या बाया पोरीले शिकवतात, आवाज कुठं चढवायचा, हुंदका कुठं सोडायचा. त्या वेळी तिथं कोणी खोकलत नाही. लोकं काय पनीर खात असतात का?

अन् माह्यासाठी कोणी म्हटला तो? रजत कुणब्याचा अन् मी तांड्याच्या नायकाची पोरगी. बा म्हणे, घराबाहेर पाय टाकला तं ही पोरगी आपली नाही. मी पाय टाकला. यवतमाळले कचेरीत सही केली, एसटीत बसली, राळेगावले उतरली. हातात एक पिशवी. ना हळद, ना ढावलो. नऊ वर्सं झाले, याडीनं माह्या घराचा उंबरा पाह्यला नाही. बा गेला तेव्हा मी धावत आली, तं तिनं पाण्याचा गिलास देल्ला अन् तोंड फिरवलं. फोन केला तं 'हाव', 'बरं', अन् फोन दुसऱ्याच्या हातात. सासरी कोणी 'माहेरून काय आलं' विचारलं की मी हसून टाळते. पोटच्या पोरीसाठी जिच्या गळ्यातून आवाज निघाला नाही, तिनं केक खाणाऱ्यांपुढं ढावलो म्हणावा?

मले दोनच गोष्टी पाह्यजे. तो व्हिडिओ काढून टाकायले लाव. अन् खरं सांग, याडीनं तिथं ढावलो काहून म्हटला? तूच म्हणायले लावला ना?

बबिता

&nbsp;

पुणे
२४ नोव्हेंबर

बबिता,

तुझं पत्र तुझ्या वर्षावहिनीने आधी फोडलं. वाचून माझ्या हातात दिलं आणि ती सरळ स्वयंपाकघरात निघून गेली. यावरून स्वतःच्या भाषेचा अंदाज कर.

आता माझं ऐक. मी याडीला काही म्हणायला लावलं नाही. आयुष्यभर कापूस वेचलेल्या बाईला दोन रात्री चांगल्या गादीवर झोपवावं, चार लोकांनी तिच्या पुढे-मागे करावं, एवढीच माझी इच्छा. एवढा गुन्हा. दर वर्षी म्हणतो, चल पुण्याला, चल महाबळेश्वरला. दर वर्षी उत्तर एकच : "म्हशीले कोण पाहीन?" या दिवाळीत मी म्हटलं, यवतमाळातच एक झकास हॉटेल झालंय, जुन्या जिनवाल्याच्या कोठीत, त्या कापसाच्या जिनिंगवाल्या शेठच्या. तर ही लगेच तयार! म्हणाली, "जिनवाल्याची कोठी? आत जाऊ देतात?" मी म्हटलं, आपण पैसे भरून जायचं, कोण अडवतं? त्या संध्याकाळीच म्हैस जमनीकाकूकडे बांधून मोकळी झाली. मला वाटलं, तिलाही एकदा थाट बघायचा असेल.

थाट होताच. दगडी भिंती, सागवानी दरवाजे, तांब्याचा बाथटब. मधे बरीच वर्षं तिथे कसली तरी सरकारी कचेरी होती म्हणे, नंतर मुंबईच्या कुणीतरी घेऊन हॉटेल केलं. पण मीही काही आंधळा नाही. गेल्या गेल्या स्वागताच्या पोरीने याडीला भिंतीजवळ उभं केलं. भिंतीवर काचेत एक जुना फेटिया लावला होता, आपल्या बाया नेसतात तसला घागरा, आरसे-कवड्यांचा. म्हणे, "आजी, इथे उभ्या राहा, मॅच होतंय." मी चांगलंच झापलं तिला. सोफ्यावरच्या उशांनाही तेच काम. याडीने एक उशी उचलून पाहिली आणि म्हणाली, "एवढं डोळे फोडून कोणी बुडाखाली घ्यायले करत नाही." तेव्हा तुला वाटतं तसा मी तिथे शेपूट हलवत उभा नव्हतो.

याडी मात्र विचित्र वागली. गादीवर झोपली नाही, खाली चादर टाकली. जो वेटर दिसेल त्याला विचारायची, "सायबाचं टेबल कुठी होतं?" मला वाटलं मॅनेजरला भेटायचंय. दुसऱ्या संध्याकाळी जेवणाच्या हॉलमध्ये गेलो तर ती खुर्चीवर बसेना. दारापासून खिडक्या मोजत गेली, तिसऱ्या खिडकीपाशी थांबली, गज धरला आणि एकदम सूर लावला. मला काय करावं कळेना. मग लोकांनी टाळ्या वाजवल्या, एक बाई तर रडत होती. मला अभिमान वाटला, हे लपवत नाही. आपल्या याडीला कोणी तरी ऐकलं, असं वाटलं. व्हिडिओ हॉटेलवाल्यांनी टाकला.

आणि आता राहिलं ते बोलतोच. ढावलोवर हक्क सांगायला तुझी जीभ कशी उचलते? तू गेलीस त्या दिवसापासून बा तांड्याच्या बैठकीत बसला नाही. नायक असून. त्याच्या छातीत पहिली कळ त्याच हिवाळ्यात आली. ढावलो घालवून देतात त्या पोरीसाठी असतो. पळून जाते तिच्यासाठी नाही.

संजय

&nbsp;

राळेगाव
४ डिसेंबर

भिया,

तुह्यं पत्र मी डेपोत वाचलं. बाच्या छातीतली कळ तू माह्या नावावर लिहून टाकली. बरं केलं. नऊ वर्सं तुह्या मनात होतं ते निघालं तरी. मी पळाली नव्हती, भिया. पळणारे न सांगता जातात. मी बाच्या पुढं उभं राहून सांगितलं होतं, अन् तू तेव्हा दाराआड उभा होता. बोलला एक शब्द? मोठा भाऊ ना तू?

आता पुढचं ऐक. तू जिनवाल्याच्या कोठीचं नाव लिहलं, तं मी ती ओळ दोनदा वाचली. त्या नव्या नावावरून अन् त्या दिव्यांवरून मले ओळखूच आलं नव्हतं. मंगळवारी यवतमाळले गाडीले वेळ होता. खाकी अंगावर तशीच, तडक तिथं गेली. फाटकावरचा गडी म्हणे, "डिलिव्हरी मागच्या दारानं." म्हटलं, "मी डिलिव्हरी नाही, तुमच्या स्वागतगीताची पोरगी आहे." बाजूले झाला.

मॅनेजर निशिगंधा म्हणून एक बाई आहे. बोलायले मोठी गोड. पाणी विचारलं, बसायले देल्लं. व्हिडिओ काढा म्हटलं तं म्हणते, "पण मॅडम, तुमच्या भावानेच परवानगी दिली ना. शनिवारचं पण त्यांनीच नक्की केलं." कोणतं शनिवारचं? तिनं फलक दाखवला. नवा कोरा, दाराजवळ लावायचा होता. 'दर शनिवारी ढावलो संध्या. तांड्यातील महिलांच्या आवाजात. विदर्भ थाळीसह.'

थाळीसह! अबे, लाज कशी वाटली नाही तुले? याडीले न विचारता, तांड्यातल्या कोण्या बाईले न विचारता तू दर शनिवारी त्यांचं रडणं लावून देल्लं? अन् पत्रात मले लिहतो, उशी पाहून राग आला, पोरीले झापलं, शेपूट हलवलं नाही! हे शनिवारचं लिहायले शाई संपली होती का? मी त्या निशिगंधेले म्हटलं, "बाई, तुमची याडी तुमच्या लग्नात रडली असन ना? तिले बोलवा पुढच्या शनिवारी. मी तिकीट काढून येते ऐकायले." तिचं तोंड उतरलं. व्हिडिओ काढते म्हणाली.

मग मी विचारलं, तो हॉल पाहू का?

भिया, तो हॉल म्हणजे तीच कचेरी आहे. त्याच दगडी भिंतीत माह्यं लग्न झालं. दारापासून तिसऱ्या खिडकीजवळ सायबाचं टेबल होतं, हिरव्या कापडाचं. तिथं मी अन् रजतनं सही केली. आता तिथं केक मांडतात. मी त्या केकापुढं उभी राह्यली. खाकी घातलेली बाई काहून रडते, म्हणून एक गोरा माणूस पाहून राह्यला होता.

आता मले सांग. त्या दिवशी माह्यासंगं माह्या घरचं कोणीच नव्हतं. रजतचे दोन मित्र, अन् एक त्यांच्या ओळखीचे मास्तर. मंग याडीले तिसरी खिडकी कशी माहीत? सायबाचं टेबल तिले कोणी सांगितलं? मले एकच समजते. कोण्या गाववाल्यानं सांगितलं असन, अन् ती मुद्दाम त्या जागेवर जाऊन उभी राह्यली. ढावलो घालवून द्यायच्या पोरीसाठी असतो, हे तूच लिहलं. तिनं मले घालवून देल्लं. पुरतं. आतापर्यंत तिनं तोंड फिरवलं होतं, तरी एक दार किलकिलं आहे असं मले वाटे. दर दिवाळीले मी एक लुगडं घेऊन ठेवते, की कधी आली तं देईन. आता नाही घेणार.

तिले विचार. खरं काय ते विचार. अन् हो म्हणाली तं तेही लिहजो, मी सहन करीन. फक्त खोटं लिहू नको.

बबिता

&nbsp;

पुणे
१० डिसेंबर

बबी,

शनिवारचं माझं चुकलं. ती मॅनेजर म्हणाली, तांड्यातल्या बायांना मान मिळेल, काम मिळेल. मी भुललो. कापूस वेचण्यापेक्षा गाणं बरं, असा हिशेब मी केला, आणि तो करणारा मी कोण, हे मी स्वतःला विचारलं नाही. वर्षाने त्यावरून मला जे ऐकवलं ते तुझ्या पत्राहून कडक होतं. हॉटेलला कळवलंय, रद्द.

आता याडीचं. मी फोन करून सरळ विचारलं : खिडकी तुला कोणी दाखवली? बबीला घालवून द्यायला गेली होतीस का?

ती म्हणाली, "तिनं असं म्हटलं?" मी म्हटलं, हो, पत्रात लिहिलंय. मग जी सुरू झाली! तिचा एवढा चढलेला आवाज मी बा असताना कधी ऐकला नव्हता. मला, तुला, हॉटेलला, टाळ्या वाजवणाऱ्यांना, सगळ्यांना एका दमात. शेवटी म्हणाली, "तुम्ही दोघं भाऊबहीण माह्यावरून कागदं लिहून राह्यले, अन् मले इचारते कोणी नाही." आणि फोन ठेवला. खेमसिंगमामा सांगत होते, ती लगेच पायात चपला घालून त्यांच्या घरी गेली आणि म्हणाली, वही काढ.

बाच्या छातीच्या कळेबद्दल जे लिहिलं ते रागात लिहिलं. आणि हो, मी दाराआड उभा होतो. ते खरं आहे.

भिया

&nbsp;

वरचा तांडा, ता. दारव्हा
१४ डिसेंबर

बबी,

मी लालीबाई, तुही याडी. बोलून मी राह्यली, लिहून खेमसिंग राह्यला. त्याले सांगितलं, तू मास्तर होता म्हणून माह्यं बोलणं नीटनेटकं करू नको. मी आपल्या बंजाऱ्यांच्या गोरबोलीत बोलते, तो मराठीत उतरवते, कारण हे तुह्या नवऱ्यानंही वाचलं पाह्यजे. त्याच्या मायबापानंही. याची एक नक्कल संज्याले जाईन.

तू काय लिहलं? मी तुले घालवून द्यायले गेली होती? अवो, घालवायचीच असती तं नऊ वर्सं थांबली असती का मी? डोस्कं कुठी ठेवते तू, तिकिटाच्या पेटीत?

ऐक आता. तू कचेरीत जाणार, हे तुह्या बाले आदल्या दिवशी कोणीतरी सांगितलं होतं. बा म्हणे, कोणी जायचं नाही, नायकाच्या घरचं तं बिलकुल नाही. मी म्हटलं बरं. सकाळी म्हटलं, दारव्ह्याच्या बाजारात जाते, तुरीची डाळ भरडून आणते. जीपनं दारव्ह्याले उतरली अन् बाजारात गेलीच नाही. दुसरी गाडी धरून यवतमाळले गेली. कोठीपुढं तेव्हा चिंचेखाली अर्ज लिहणारे बसत. मी त्यांच्यात जाऊन उभी राह्यली, डोईवर पदर खाली ओढून. आत यायची हिंमत झाली नाही. तिसऱ्या खिडकीतून मले टेबल दिसे.

तू दिसली. पिवळी ओढणी होती. एका बाजूनं जमिनीवर लोळून राह्यली होती अन् उचलून द्यायले तुह्याजवळ एक बाई नव्हती. सगळे बाप्ये. तुह्या हातातून पेन पडला. त्या पोरानं वाकून उचलला अन् तुह्या हातात देण्याआधी आपल्या शर्टाले पुसला. तेव्हाच मले समजलं, पोरगा चांगला आहे. हे खेमसिंग, नीट लिह, त्याले वाचू दे.

तू सही केली अन् हसली. बबी, त्या वक्ती माह्या गळ्यात ढावलो आला. आला म्हणजे कसा, उलटी येते तसा. मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. आवाज निघाला असता तं तू मागं पाह्यलं असतं. तू मागं पाह्यलं असतं तं तू गेली नसती. मले माहीत आहे तू कशी आहे, लहानपणी शाळेतूनही मी रडली की परत येत होती. म्हणून मी गिळला. तू एसटी स्टँडकडं गेली, मी चिंचेमागं उभी होती. परत आली तं तुह्या बानं विचारलं, डाळ कुठी आहे? मी म्हटलं, सांडली. त्यानं पुढं काही विचारलं नाही. त्यालेही समजलं असन. तुह्या बाच्या कळेचं संज्यानं तुह्या नावावर घातलं, ते मी त्याले फोनवर चांगलं फेडलं. दहा वर्सं तो बिड्या किती ओढे, ते संज्या विसरला का?

बा गेला तेव्हा तू आली. मी तोंड फिरवलं, कारण तोंड उघडलं असतं तं ढावलोच निघाला असता. मयताच्या दारात लेकीचा ढावलो कसा म्हणू? अन् फोनवर मी 'हाव', 'बरं' म्हणते तेही त्याच्यानंच. तुहा आवाज आला की गळ्यात तेच येऊन बसते. फोनवर का ढावलो म्हणत असतात?

मंग संज्या म्हणे, जिनवाल्याच्या कोठीचं हॉटेल झालं, पैसे भरून आत जाता येते. मी म्हटलं, एक डाव खिडकीच्या आतल्या बाजूनं उभी राहीन. जिथं मी असायले पाह्यजे होती, तिथं. मले तिथं खाणारे लोकं दिसलेच नाही. मले तू दिसे, अन् जमिनीवर लोळणारी ओढणी. झालं ते एवढंच. अन् मंग ते मेले टाळ्या वाजवून राह्यले! माही पोरगी जाऊन राह्यली अन् हे टाळ्या पिटते! मी डोळे उघडले तं समोर केक. मले वाटलं तो केक उचलून एकाच्या तोंडावर मारावा. संज्याची इज्जत म्हणून नाही मारला. आता वाटते मारायले पाह्यजे होता.

आता शेवटचं. ढावलो एकटीचा नसते. याडीनं म्हटला, लेकीनं नाही म्हटला, तं तो अर्धाच. अन् माहेरातून निघायचं असन तं आधी माहेरी यावं लागते. मंगळवारी, तेवीस तारखेले, मी यवतमाळ स्टँडवरून तुह्या गाडीत बसते. राहायले नाही येऊन राह्यली. तुले न्यायले येऊन राह्यली. सासूले सांगून ठेवजो, रीतीनं विचारायले माणूस येते म्हणून.

संज्या, तुले सुट्टी भेटली तं ये. मोबाइल घरी ठेवून ये.

लालीबाई अमरसिंग राठोड
(निशाणी अंगठा. लिहणार खेमसिंग. बहिणीचे सर्व शब्द तिचेच, मी फक्त शिव्या तीन ठिकाणी गाळल्या.)

&nbsp;

राळेगाव
२७ डिसेंबर

भिया,

तुले सुट्टी भेटली नाही, तं आता वाचूनच घे.

मंगळवारी यवतमाळ स्टँडवर खेमसिंगमामा तिले सोडायले आला होता. याडी गाडीत चढली ती भांडतच. खिडकीच्या सीटवर एक माणूस बसला होता, त्याले उठवलं. म्हणे, "कंडक्टरची माय आहे मी." सारी गाडी माह्याकडं पाहून राह्यली. मी मशीन घेऊन तिच्यापुढं उभी राह्यली. रोज शंभर लोकांले विचारते, कुठं जायचं. तिले विचारता येईना. तीच म्हणाली, "लेकीच्या घरी. एक पुरं."

म्हटलं, "याडी, बायांले अर्धंच तिकीट आहे."

"मी पुरं म्हटलं ना? पहिल्यांदा लेकीच्या घरी चालली, अर्ध्या तिकिटावर जाऊ का?"

मी म्हणते मशीनमधून तसं निघत नाही, ती म्हणते तुही मशीन भिकारी आहे. कळंब येईपर्यंत आमचं हेच चालू. मागचे लोकं हसून राह्यले, सुनीलभाऊ हसून राह्यले. मी अर्धंच फाडलं. तिनं ते तिकीट घेतलं, घडी केली अन् चोळीत ठेवून देल्लं. मंग हळूच म्हणाली, "ओढणी उचल, लोळून राह्यली." मी तं खाकीत होती, भिया. ओढणी नव्हतीच.

घरी माह्या सासूबाई, विमलताई, ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यातच उभ्या. सासरे बबनराव नवा सदरा घालून बाहेर येरझारा घालून राह्यले होते, जसं का पोरगी पाहायले पाहुणे येऊन राह्यले. सासूबाईंनी ताट ओवाळलं तं याडी दचकली, असं कोणी तिले कधी ओवाळलं नव्हतं. मी कपाटातून लुगडे काढले, दर दिवाळीचं एक, सगळे तिच्यापुढं ठेवले. तिनं वरचं एक घेतलं. म्हणे, "बाकीचे विकून टाक, मी काय दुकान उघडू?" अन् मंग पाठ करून किती तरी वेळ खिडकीतून बाहेर पाहत बसली. जेवण झाल्यावर सासूबाईंपुढं पदर पसरून तिनं विचारलं, "लेक दोन दिवस माहेरी नेऊ का?" सासूबाई म्हणाल्या, "न्या ना ताई. पण परत पाठवाल ना?" अन् दोघी रडायले लागल्या. रजत उठून गोठ्यात निघून गेला.

त्याच संध्याकाळी आम्ही तांड्यावर गेलो, अन् दोन दिवस याडीनं मले शिकवलं. बसंतीबाई, जमनीकाकू, सगळ्या म्हाताऱ्या आल्या. मले लहानपणचं अर्धंमुर्धं आठवे. चाल चुकली की याडी खेकसे, "नऊ वर्सं काय केलं तू, घंटीच वाजवली?" रात्री तिनं संदुकीतून फेटिया काढला. माह्या लग्नासाठी भरायले घेतलेला, एका बाजूचे आरसे अजून लावायचे राह्यले होते. मले कमरेत बसलाच नाही. जमनीकाकू म्हणे, "कुणब्याच्या घरी तूप जास्त झालं वाटते." तो मी खांद्यावर घेतला.

गुरुवारी निघाली. रजत अन् सासू-सासरे जीप घेऊन घ्यायले आले. मी बाच्या फोटोपासून सुरुवात केली. तिथंच माही चाल सुटली, सूर कुठी गेला अन् मी कुठी गेली, मले काही समजलं नाही. मंग बसंतीबाईच्या गळ्यात, जमनीकाकूच्या गळ्यात, खेमसिंगमामाच्या. शेवटी याडी. तिनं उत्तर द्यायले तोंड उघडलं अन् तिच्या गळ्यातून तो आवाज निघाला, भिया. त्या व्हिडिओत जो होता तो तिचा आवाजच नव्हता. नऊ वर्सं मी तिच्यावर जळत होती, अन् ती हे गिळून बसली होती. मी तिले सोडीना, ती मले सोडीना. जीपवाल्यानं भोंगा वाजवला तं सासऱ्यांनी त्याचा हात धरला.

मधातच एकदा याडी माह्या कानात म्हणाली, "इथं आवाज चढव, इथं," अन् पुन्हा रडायले लागली.

तू नव्हता. तुह्या वाटणीचा ढावलो मी खेमसिंगमामाच्या गळ्यात पडून म्हटला, तुह्यं नाव घेऊन. तुह्यावरचा राग पुरता गेला नाही, पण नाव घेतलं.

मंग मी जीपमध्ये बसली. याडीनं माह्या ओढणीचं लोळणारं टोक उचलून माह्या मांडीवर ठेवलं अन् दार लावलं. सगळा तांडा उभा होता, बाया, पोरं, म्हातारे.

कोणी टाळ्या वाजवल्या नाही.

बबिता